लोलकाला बांधलेलं कापड

मागच्या वर्षी आषाढातल्या एका सोमवारी, सकाळी दहा वाजून गेल्यावर, जबलपूरला घमापूरच्या बाजारात एका ई-रिक्षाने माझ्या स्कूटीला बाजूने धडक दिली. मी डाव्या अंगावर पडले. डोक्यावर हेल्मेट होतं, पण हनुवटीखालचा पट्टा लावलेला नव्हता. पडताना ते निघालं आणि डोकं रस्त्याकडेच्या दगडावर आपटलं. शुद्ध गेली नाही, रक्त आलं नाही. दुपारी सीटी स्कॅन झालं, त्यात काही निघालं नाही. डॉक्टरांनी कागदावर ‘कन्कशन’ असं लिहिलं. मेंदूला हादरा बसलाय, दोन आठवडे आराम करा, म्हणाले. संध्याकाळी मी घरी होते.

‘सीटी नॉर्मल’ हे दोन शब्द पुढे वर्षभर मला ऐकवले गेले. ऑफिसात, नात्यात, घरात. मी शहरातल्या एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर काम करते. जे पडताळता येतं तेवढंच ठेवायचं, बाकीचं कापायचं, हीच तिथली सवय. म्हणून सुरुवातीला माझाही त्या दोन शब्दांवरच विश्वास होता. स्कॅनमध्ये काही नाही म्हणजे डोक्यात काही नाही, असं मी स्वतःलाच सांगत होते.

नवव्या दिवशी कुकरची शिट्टी झाली आणि मी स्वयंपाकघरात खाली बसले. आवाज कानात न शिरता थेट कपाळामागे शिरला, असं वाटलं. मग मळमळ, मग डोळ्यांपुढे पांढरं, मग दुपारभर अंधाऱ्या खोलीत पडून राहणं. त्यानंतर एकेक आवाज यादीत येत गेला. स्टीलचं ताट ओट्यावर ठेवल्याचा. शेजारच्या गच्चीवर टाकी भरण्याच्या मोटरचा. वर्तमानपत्र उलगडल्याचा. मी वहीत लिहून ठेवू लागले: कुकर, दोन शिट्ट्या, चाळीस मिनिटं. हॉर्न, ट्रकचा, दोन तास. मेंदूच्या डॉक्टरांकडे ही वही नेली तेव्हा त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली. वाचणारे ते पहिलेच. असं होतं, ते म्हणाले. महिने लागतात, पुढे जाल, मागे याल. कानात सारखे बोळे घालून बसू नका, नाहीतर कान आणखी हळवे होतील. आवाज थोडा थोडा वाढवा, पण एकदम अंगावर घेऊ नका.

आमच्या घरी देवापुढे रोज सकाळी घंटी वाजवायचं काम माझं. लग्न होऊन आले त्या दिवसापासून, एकोणीस वर्षं. पितळेची हातघंटी, मूठ झिजून गुळगुळीत झालेली. सासऱ्यांचे वडील अमरावतीहून इथल्या तोफांच्या कारखान्यात नोकरीला आले तेव्हा ती सोबत आणली होती. मी ती वाजवणं थांबवलं. हात जोडायचे, फूल वाहायचं, उठायचं. चौथ्या दिवशी सासूबाईंच्या लक्षात आलं.

“घंटी काहून वाजवत नाहीस?”

“आई, डोक्यात जाते.”

“देवाची घंटी डोक्यात जाते?” त्या म्हणाल्या. “रेडिओ नाही जात? फोन नाही जात?”

तेही जात होतं. मी तसं सांगितलं. पण त्यांनी ऐकली ती फक्त घंटीची गोष्ट.

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघींचे शाडूचे मुखवटे. तीन दिवसांचा कुळाचार, आणि तो थोरल्या सुनेच्या हातचा. पहिल्या दिवशी थोरल्या सुनेने अंगणातून मुखवटा घेऊन, कुंकवाच्या पावलांवरून चालत देवघरापर्यंत यायचं आणि बाकीच्या बायकांनी तिच्या बाजूने ताट-चमचा वाजवत चालायचं. लक्ष्मी वाजत गाजत घरात येते. सासूबाईंनंतर हा मान माझा होता. घरात मला मान होता असं म्हणण्यापेक्षा, वर्षातले हे तीन दिवस मला मान होता, असं म्हणणं जास्त अचूक ठरेल.

अपघाताला आठ आठवडे झाले होते. यंदा ताट न वाजवता आणू या, असं मी विचारून पाहिलं. नागपूरहून आत्याबाई आल्या होत्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. त्या तांदूळ निवडत होत्या.

“मुक्यानं तं मयत नेतात बाई,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “लक्ष्मी नाही आणत.”

धाकटी जाऊ हसली. “भाभी, मग आरती काय इशाऱ्यानं करायची?”

मीही हसले. कानात मेणाचे बोळे घालून तयार झाले. नवऱ्याने एकदाच विचारलं, “जमेल ना तुला?” मी हो म्हणाले. त्याला ते ऐकायचं होतं आणि मलाही ते म्हणायचं होतं.

उंबऱ्यापर्यंत जमलं. उंबऱ्यावर जावेने ताट माझ्या डाव्या कानापाशी धरलं. मुद्दाम नव्हे, तिथे दार अरुंद आहे, दोघी शेजारी आल्या की तेवढंच अंतर उरतं. पुढचं मला सलग आठवत नाही. हात सुटले एवढं आठवतं. ज्येष्ठेचा मुखवटा फरशीवर पडला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा गेला. ताट वाजायचं थांबलं. आठ आठवड्यांत पहिल्यांदाच त्या घरात पूर्ण शांतता झाली.

कोणी ओरडलं नाही. गोंदाने मुखवटा सांधून तीन दिवस पार पाडले. त्या वर्षीची ओटी कोणी वापरायची नाही, असं सासूबाईंनी ठरवलं. अमरावतीहून आणलेला हिरवा खण, लाल काठाचा, त्यांनी घडी न मोडता लोखंडी ट्रंकेत टाकला. विसर्जनानंतर आत्याबाई माझ्यासमोरच म्हणाल्या, “डॉक्टर म्हणते नॉर्मल. मग नॉर्मल बाई घंटीले भिते काय? ताटाले भिते काय? घंटी कोणाले सहन होत नाही, हे मी सांगू काय आता?”

सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे लहानपणापासून सगळ्यांना माहीत असतं. ज्याच्या अंगात काही शिरलेलं असतं, त्याला देवाची घंटा सोसत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. मला कोणी ओढत नेलं नाही. शहराबाहेर एका देवाचं ठाणं आहे, तिथे मंगळवारी दुपारी नगाऱ्याची आरती होते आणि बाधा झालेल्यांना नगाऱ्यासमोर बसवतात. मी स्वतः गाडीत बसले. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, ते मला पाठ होतं. पण डॉक्टर महिने म्हणत होते आणि हे लोक एक दुपार म्हणत होते. मला माझ्या महालक्ष्म्या परत हव्या होत्या. शिवाय आत कुठेतरी मलाही शंका होती. एकोणीस वर्षं जी घंटी मी वाजवली, तीच मला सोसेना. मग कदाचित या लोकांचंच खरं असेल.

तिथल्या माणसाने कानातले बोळे काढायला सांगितले. मी काढले. सासूबाई माझ्या मागे बसल्या होत्या, त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. नगारा साधारण वीस मिनिटं वाजला. मला उलटी झाली तेव्हा लोक समाधानाने पुढे सरकले. काहीतरी निघतंय, असं त्यांना वाटलं. दुसऱ्यांदा झाली तेव्हा सासूबाईंचा हात पाठीवरून निघाला.

त्यानंतर अकरा आठवडे मी खोलीत होते. आधी जे मिळवलं होतं ते सगळं गेलं. कुकर राहू दे, वहीचं पान उलटल्याचा आवाज नको झाला. डॉक्टरांनी वही पाहिली, मंगळवारच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “ये क्या है?” मी सांगितलं. त्यांनी वही मिटून परत दिली. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ऑफिसने दुसऱ्याला माझ्या जागी बसवलं. नवरा दार न वाजवता आत यायला शिकला. तेवढं त्याने मनापासून केलं. पण त्या मंगळवारबद्दल तो कधी बोलला नाही आणि सासूबाईही नाहीत. घरात सगळे पाय न वाजवता चालत, ते माझी काळजी म्हणून की माझी भीती म्हणून, हे मला ठरवता आलं नाही.

मी देवाशी बोलणं बंद केलं. रागाने नव्हे, निदान सुरुवातीला तरी नाही. मला इतकंच दिसत होतं की माझी सगळी भक्ती आवाजाची होती. घंटी, टाळ्या, आरती, ताट. ते काढून घेतल्यावर मागे काही उरलंच नव्हतं. आणि देवालाही तेवढंच लागत असेल, तर ज्याला आवाज सोसत नाही त्याने कुठे जायचं, याचं उत्तर कोणत्याही पोथीत मला मिळालं नाही. मग राग आला.

मार्गशीर्षात गल्लीत एक लग्न निघालं. सकाळपासून मांडवाचं जनरेटर सुरू होतं. साडेअकराला मी उठले, देवघरातली पितळी घंटी पिशवीत टाकली आणि कोणाला न सांगता ग्वारीघाटाला निघाले. ती नर्मदेत सोडून द्यायची आणि हा विषय संपवायचा, एवढंच ठरवलं होतं. ऑटोवाल्याला गाणी बंद करायला सांगितली. त्याने आरशात पाहिलं आणि केली.

दुपारचा घाट रिकामा असेल असा माझा अंदाज होता. तो चुकला. कुठून तरी बस आली होती, आणि पायऱ्यांवर लोक होते. मी बाजूला सरकत गेले, ती पिंपळाखालच्या एका लहान देवळीपाशी थांबले. आत नर्मदामैयाची हातभर मूर्ती, पुढे साखळीला टांगलेली मोठी घंटा. देवळीच्या पायाशी एक म्हातारी दिवे आणि फुलं घेऊन बसली होती. चार-पाच यात्रेकरू माझ्या मागून आले. पुढच्या माणसाने घंटेकडे हात उचलला. मी दोन्ही कान दाबून धरले आणि डोळे मिटले.

काही झालं नाही.

डोळे उघडले तेव्हा म्हातारी उभी होती. तिने घंटेचा लोलक मुठीत गच्च पकडला होता.

“मैया सो रई हैं, भैया,” ती त्या माणसाला म्हणत होती. “भोग लग गओ. हाथ जोड़ लो बस.”

“पर अम्मा, इतनी दूर से आए हैं। घंटी तो बजाने दो।”

“तुमाई अम्मा दोपहर में सोती हैं, तो तुम थाली बजाते हो का?”

लोक हसले. हात जोडून, फुलं वाहून पायऱ्या उतरून गेले. ते दूर जाईपर्यंत तिने मूठ सोडली नाही. मग माझ्याकडे वळली. “इतै बैठ जाओ बिन्नू, छाँव में. पानी पियोगी?” इकडे लेकीबाळींना बिन्नू म्हणतात.

तिला कसं कळलं, हे मी विचारलं. तिने फार सरळ उत्तर दिलं. तिचा नवरा दगडाच्या खाणीत होता. डोक्याला दगड लागला. त्यानंतर भांडं पडलं की तो रडायचा. लोक म्हणाले वेडा झाला, कोणी म्हणालं बाहेरचं आहे. “हमने भी झड़वाओ,” ती म्हणाली, म्हणजे मांत्रिकाकडून उतरवून घेतलं. “दो दफे. फिर नईं झड़वाओ. स्टील के बरतन बेच दए, मट्टी की हंडी में बनाउत रए.”

“बरे झाले का? ठीक हो गए?”

“नईं भए. पर हँसन लगे ते.”

पाणी पिताना मी पिशवी मांडीवर घेतली तेव्हा आतली घंटी अर्धवट वाजली. तिने पाहिलं. मी कशासाठी आले होते ते सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. टोपलीतल्या जुन्या चुनरीची एक पट्टी फाडली, घंटी हातात घेतली आणि तिच्या लोलकाला तीन वेढे देऊन गाठ मारली. हलवून पाहिली. हातावर हात ठेवावा एवढा आवाज झाला. मग उठून तशीच एक पट्टी देवळीच्या मोठ्या घंटेलाही बांधली. “दोपहर की दोपहर मैया आराम करेंगी,” ती म्हणाली. “तुम सोई आ जाया करो.” तूही येत जा, म्हणजे.

मी त्या दिवशी सव्वा तास तिथे बसले. एकोणीस वर्षांत देवापुढे इतका वेळ काही न करता बसल्याचं मला आठवत नाही. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. डोकं दुखायचं थांबलंही नाही. फक्त एवढं झालं की मला कोणी तपासत नव्हतं. घंटी परत घरी आणली.

सासूबाईंनी लोलकावरचं कापड पाहिलं. “हे काय? देवाच्या घंटीचं तोंड बांधलं?”

“झोपवली आहे,” मी म्हणाले. “घाटावर एकीने बांधून दिली.”

“कोणत्या घाटावर? कुठं बसते थे बाई?”

मी जागा सांगितली. त्यांनी कापड सोडलं नाही.

हिवाळाभर आणि उन्हाळ्यात, अंगात बळ असेल त्या दुपारी मी जात राहिले. म्हातारी कमी बोलायची. कधी मी पोचायच्या आधीच लोलक बांधलेला असायचा. आवाज कसा वाढवायचा हेही मी तिथेच शिकले: आधी पाण्याचा, मग वल्ह्यांचा, मग नावाड्यांच्या भांडणाचा. होळीला मागे आले, नऊ दिवस. वैशाखात एका वरातीच्या बँडने मागे आले, तीन दिवस. वहीत हे आकडे आहेत. बरी झाले असं मी कुठेही लिहिलेलं नाही. ज्येष्ठ महिन्यात ऑफिसचं अर्ध्या वेळेचं काम घरून सुरू झालं.

समर्पण हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. नगाऱ्यासमोर बोळे काढून बसले, तेव्हा मी तेच करते आहे असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. ती सौदेबाजी होती: मी इतकं सोसते, तू मला माझं परत दे. पिंपळाखाली माझ्याकडे द्यायला काही नव्हतं आणि कोणी मागितलंही नाही. त्या म्हातारीच्या मुठीबद्दल मी रोज कृतज्ञ असते. ती मूठ कोणाची होती, याबद्दल मला काही सिद्ध करायचं नाही.

यंदाच्या श्रावणात ती दिसेनाशी झाली. शेजारचा फुलवाला म्हणाला, मंडल्याकडे लेकीच्या गावी गेली, येईल की नाही माहीत नाही. तिचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. मोठ्या घंटेवरचं कापड पावसात कुजून गळून पडलं होतं. मी ते पाहिलं आणि परत आले. माझ्या हाताने नवं बांधायचा धीर मला झाला नाही. तिथे मी कोण होते? घरी मी एवढंच सांगितलं की म्हातारी गेली आणि घंटा पुन्हा वाजू लागली आहे.

भाद्रपदाच्या आधी सासूबाईंनी निर्णय सांगितला. “यंदा महालक्ष्म्या धाकटीकडे.” पुढच्या वर्षाबद्दल त्या बोलल्या नाहीत. मी विचारलं नाही. नवा मुखवटा नागपूरहून आला. मला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावणं होतं, इतरांसारखंच. मुखवटा आत जाताना मी जावेच्या घराच्या फाटकाबाहेर रस्त्याच्या पलीकडे उभी होते. ताट मला तिथूनही ऐकू आलं. जावेने मुखवटा नीट आत नेला. आत्याबाई म्हणाल्या, “बघ, कशी वाजत आली.” मी जेवले, नमस्कार केला, चार वाजता घरी येऊन अंधारात पडले. पाच तास. ज्येष्ठेच्या समोर हात जोडले तेव्हा मला तिच्याकडून काही नको होतं, हे मी नोंदवून ठेवते. वाईट वाटलं, हेही.

पौर्णिमेला सासूबाई नेहमीप्रमाणे नर्मदास्नानाला गेल्या. नवऱ्याने त्यांना पहाटे स्कूटीवर नेलं, आठला परत आणलं. “आज आई खूप वेळ पिंपळापाशी होती,” तो चहा घेताना म्हणाला. सासूबाई ओले कपडे वाळत घालत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घाटावर गेले. म्हातारीची जागा रिकामी होती. मोठ्या घंटेच्या लोलकाला नवं कापड बांधलेलं होतं. तीन वेढे आणि एक गाठ. कापड हिरवं होतं, काठ लाल. तसा खण जबलपुरात मिळत नाही.

घरी येऊन मी लोखंडी ट्रंक उघडली. मागच्या वर्षीच्या ओटीतला खण तळाशी होता. त्याची एक कड, साधारण वीतभर, कात्रीने सरळ कापलेली आहे.